बापावर काय गेलंय

माझ्या मुलीला सगळ्यांत आधी दोन बायकांनी पाहिलं. एक माझी आई. तिला आम्ही अव्वा म्हणतो. ती वळसंगची, घरात कानडी बोलणारी. दुसऱ्या माझ्या सासूबाई, सोलापुरातल्या विणकर वस्तीतल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींचं मराठी बाजारापुरतं. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दाराशी आणलं तेव्हा मी दोघींच्या मागं उभा होतो. अव्वा वाकली आणि म्हणाली, “केंपग अद.” सासूबाई दुसऱ्या बाजूनं वाकल्या आणि म्हणाल्या, “एर्रगा उंदि.”

दोन्हींचा अर्थ एकच, लाल आहे. बायकोचं बाळंतपण अवघड गेलं होतं, सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, आणि मी ते लाल शब्दशः घेतलं. नर्सला विचारलं, “सिस्टर, अंगावर पुरळ आलंय का काही?”

“पुरळ कशाला येईल?” ती म्हणाली. “गोरी आहे हो मुलगी. चांगली गोरीपान.” मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “वडील तुम्हीच ना?”

दोन्ही भाषांत गोऱ्या माणसाला लालच म्हणतात. कानडीतलं तर मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या क्षणी विसरलो होतो. नर्सचा प्रश्न मात्र विसरता आला नाही. पुढं तो वेगवेगळ्या तोंडांतून मला विचारला गेला, आणि श्रीपूरला एका दुपारी त्याचं उत्तर देऊनही कुणाला पटेना.

बाळाचा रंग पहिल्या दिवशी कळत नाही असं आमच्याकडं समजतात. खरा रंग कानाच्या कडेला आधी उतरतो. म्हणून अव्वानं टोपडं मागं सारलं आणि बाळाचा कान खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. तोही गोरा. मग नखांच्या मुळाशी पाहिलं. तिथंही काही सापडलं नाही. अव्वाला आनंद झाला, आणि तो लपवावा असं तिला वाटलं नाही. बाळ बघायला आलेल्या माझ्या चुलतीला तिनं स्वतःच कान दाखवला. चुलती म्हणाली, “सगळी आईवर गेलीय की. बापावर काय गेलंय मग?” खोलीत हशा झाला. मीही हसलो. बायको तेवढी हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

मी काळा आहे. सावळा, गव्हाळ, निमगोरा हे शब्द लग्नाच्या स्थळांसाठी असतात. माझ्याबाबतीत कुणी ते वापरायचे कष्ट घेतले नाहीत. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा रंग जसाच्या तसा मला आला. गावच्या शाळेत मला करिया म्हणायचे, म्हणजे काळ्या. मास्तरसुद्धा हजेरी झाल्यावर तेच म्हणायचे, आणि त्यात वाईट वाटून घ्यावं असं काही आहे हे मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं. त्याच मास्तरांनी दहावीनंतर आमच्या ओसरीवर बसून अप्पांना सांगितलं, की करियाला सोलापूरला कॉलेजात घाला, सायन्सला. आमच्या घरात त्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. मी पदवीधर झालो, बी.एड. केलं, आज शहरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो, हे सगळं त्या एका बैठकीमुळं. ज्या तोंडानं करिया म्हटलं त्याच तोंडानं माझं भलं केलं. त्यामुळं त्या शब्दावर मला धड रागावताही येत नाही.

बायको बी.एड.ला माझ्याच वर्गात होती. लग्नाचं बोलायला मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा सासूबाईंनी मला दारातून पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, “नल्लगा उन्नाडु.” मला तेव्हा तेलुगूचा गंध नव्हता. पण अव्वा खुरपताना जी कानडी गाणी म्हणायची, त्यांत नल्ल म्हणजे लाडका, जिवलग. मी मनातून फुललो. पहिल्याच भेटीत सासूला जावई आवडला! लग्नानंतर एकदा हे मी बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तेलुगूत नल्ल म्हणजे काळा.

“आई म्हणाली होती, पोरगा काळा आहे.”

“आणि पुढं?”

“पुढं म्हणाली, पण चपला नीट काढून आत आला.”

तेवढ्यावर आमचं लग्न झालं, असं मी अजून म्हणतो.

रंग आईबापांकडून मुलांकडं कसा जातो हे मी कॉलेजात शिकलो होतो. पुस्तकात वाटाण्याची झाडं होती, उंच आणि बुटकी. त्यांत मधलं काही नाही. माणसाच्या कातडीचं तसं नसतं, हे आमच्या सरांनी तास संपता संपता सांगितलं होतं आणि घंटा झाली होती. पुढचं मी नोकरी लागल्यावर वाचलं. तेवढ्या बळावर मी सासऱ्यांना समजवायला गेलो.

सासऱ्यांचं आयुष्य टॉवेलच्या मागावर गेलेलं. बारशाचे पाहुणे पांगल्यावर ते नातीला मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, “काळं सूत, पांढरं सूत एका मागावर लावलं तर कापड लांबून राखाडी दिसतं. मग ही राखाडी का नाही झाली?”

आतून सासूबाई तेलुगूत ओरडल्या. नातीला राखाडी म्हटलेलं त्यांना आवडलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरातून चटणीसाठी ठेवलेली काळी कारळं आणि पांढरे तीळ आणले. एका वाटीत कारळं जास्त घेतली, पण तीळही बऱ्यापैकी. “हा मी,” म्हणालो. दुसरीत तीळ जास्त, थोडी कारळं. “ही तुमची मुलगी. रंग एका दाण्यानं ठरत नाही, पुष्कळ दाण्यांनी ठरतो. बाळाला निम्मे दाणे माझ्यातले येतात, निम्मे हिच्यातले. पण निवडून येत नाहीत. डोळे मिटून मूठ भरल्यासारखे येतात. अव्वाची आई उजळ होती म्हणतात. तिचे तीळ माझ्या वाटीत होतेच, कारळात दिसत नव्हते. ते या पोरीच्या मुठीत आले. असंच दुसऱ्या वेळी सगळी कारळं आली असती.”

सासरे दोन्ही वाट्यांकडं बघत राहिले. “म्हणजे तू तुझ्याजवळचे तीळ तिला दिलेस. कारळं तुझ्याकडंच राहिली.”

“तसंच समजा.”

“मग हिच्या गोरेपणात तुझापण हात आहे.”

“निम्मा.”

“दिसत नाही,” ते म्हणाले आणि वाटीतले चार तीळ तोंडात टाकले.

दिसत नाही, हीच तर अडचण होती. मी वर्गात पोरांना सांगू शकत होतो, फळ्यावर आकृती काढू शकत होतो. पण मुलीला कडेवर घेऊन रस्त्यानं जाताना फळा कुठून आणणार?

पुष्कळ बाळं सुरुवातीला उजळ असतात आणि काही महिन्यांत त्यांचा खरा रंग येतो. घरातल्या सगळ्यांना त्याची धास्ती होती. अव्वा डाळीच्या पिठाच्या गोळ्यानं बाळाचं अंग चोळायची, सासूबाई दुपारी खिडकीवर ओढणी टाकायच्या. दोघी या एका कामात एकमेकींना अगदी बरोबर समजायच्या. मी मात्र उलटी वाट बघत होतो. ज्या रंगापायी मी गावात करिया झालो, त्यातला थोडा तरी माझ्या मुलीला यावा. कोपराशी, गुडघ्याशी, कुठंही. कुणाला हे बोलून दाखवलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

तो आला नाही. वरून डोळे घारे निघाले, बायकोच्या आजोबांसारखे, आणि केस उन्हात भुरे दिसायचे.

बायकोबद्दल माझ्या मनात कधी काही आलं नाही, हे सांगायला हवं, कारण काहींनी आडून आडून तेही सुचवून पाहिलं. माझी भीती वेगळी होती. मला वाटायचं, या मुलीचा बाप म्हणून मला कायम कुणाच्या तरी शब्दावर उभं राहावं लागणार. बायको बरोबर असली की प्रश्न नसायचा; तिच्याकडं बघून लोकांचा हिशेब जुळायचा आणि मी त्यात चालून जायचो. एकटा असलो की चेहरे आमच्या दोघांवरून आळीपाळीनं फिरायचे. बायकोच्या नात्यातल्या एका लग्नात मी मुलीला घेऊन हॉलच्या पायऱ्या चढत होतो, तर एका पाहुण्यानं तिला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाला, “ड्रायव्हरलोकांचं जेवण मागच्या बाजूला आहे.” तो बिचारा नंतर जेवताना माझ्या पानात स्वतः जिलेबी वाढून गेला. दवाखान्यात डोस पाजायला नेलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, “आईला पाठवायचं ना.” मी दर वेळी हसून सांगायचो, आईवर गेलीय. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की कुणी नुसता पत्ता विचारला तरी तेच बाहेर पडेल असं वाटायचं.

एक गोष्ट मात्र माझी होती. मुलगी मला नान्ना म्हणायची.

नान्ना म्हणजे तेलुगूत वडील. ती घरात आईशी तेलुगूच बोलायची. आईला अम्मा, मला नान्ना. आमच्याकडं बापाला अप्पा म्हणतात. पण माझे अप्पा तिच्या जन्माच्या आदल्या वर्षी गेले, आणि घरात दुसऱ्या कुणाला अप्पा म्हणून हाक मारलेली अव्वाला सोसली नसती. म्हणून नान्ना. मला तो शब्द आवडायचा. दोन न वर तिची जीभ जरा रेंगाळायची. माझ्या रंगातलं तिच्यात काही नसलं, तरी त्या हाकेत मी पुरेपूर होतो.

माझी थोरली बहीण, अक्का, श्रीपूरला असते. मेहुणे साखर कारखान्यात आहेत आणि त्यांना तिथल्या कॉलनीत घर मिळालंय. मुलगी नुकतीच बालवाडीत जायला लागली होती. गाळपाचे दिवस होते. शनिवारी माझी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिला मोटारसायकलवर पुढं बसवून अक्काकडं नेलं. बायकोची शाळा दुपारची, म्हणून ती आली नाही. जेवण झाल्यावर मुलीला उसाच्या बैलगाड्या बघायच्या होत्या. अक्का म्हणाली, “जा, फिरवून आण. मी तवर पुरणाचं बघते.”

कारखान्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली होती. बैल सोडून बांधलेले, माणसं सावलीला. मुलगी एका बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांपाशी जी रंगली, ती निघेना. तेवढ्यात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेनं मागं यायला लागला. मी तिला उचललं आणि झपाझप मोटारसायकलकडं निघालो. तिला ट्रॅक्टर दिसला नव्हता. तिला एवढंच कळलं की घुंगरं सुटली. तिनं पाठ ताठ केली, लाथा झाडल्या आणि सगळा रस्ता ऐकेल अशी ओरडायला लागली, “सोड! मला नाही यायचं! अम्माकडं जायचंय! अम्मा!”

मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज त्या दिवसांत सगळ्यांच्याच मोबाइलवर फिरत होते. आमच्या शाळेच्या ग्रुपवरही आले होते.

“ओ पाव्हणं,” चहाच्या टपरीवरून एक माणूस उठला. “थांबा की जरा. पोरगी कुणाची हाय?”

“माझी.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मी उन्हातून मोटारसायकल चालवून आलेलो, अंगात जुना शर्ट. तिच्या अंगात मावशीनं दिलेला नवाकोरा फ्रॉक.

“तुमची?”

“हो. आईवर गेलीय.”

हे वाक्य पहिल्यांदाच उपयोगी पडलं नाही. आणखी तिघंचौघं उठून आले. टपरीवरची बाई हात पुसत बाहेर आली. तिनं मुलीपुढं वाकून अगदी मायेनं विचारलं, “रडू नगं बाळा. मला सांग, ह्यो कोण हाय तुजा?”

मुलीनं हुंदका गिळला. “नान्ना.”

“नाना म्हणतीय,” बाई मागं वळून म्हणाली.

“नाना तर मी बी हाय की धा जणांचा,” एक म्हातारा म्हणाला. “नाना म्हंजी काय बाप न्हवं.”

“आणि पप्पा कुटं हायती तुजं?” बाईनं विचारलं.

मुलगी विचारात पडली. पप्पा ही तिच्या लेखी इतर मुलांकडं असलेली गोष्ट होती. बालवाडीच्या दाराशी इतरांचे पप्पा यायचे. ती कधी खोटं बोलत नाही. म्हणाली, “मला पप्पा नाहीत.”

मी बोलायला लागलो, की नाना नाही, नान्ना. तेलुगूत बापाला नान्ना म्हणतात. बोलताना माझं शाळेतलं मराठी कुठं गेलं कळलं नाही. “आवो माजीच हाय की, खरंच माजी हाय,” असं मी वळसंगच्या पोरासारखं म्हणत होतो.

“तेलगू? तुमी तेलगू हाय व्हय?”

“मी नाही. मी वळसंगचा. आम्ही घरात कानडी.”

“मग पोरगी तेलगू कशी?”

“बायको तेलुगू.”

“ह्यो कानडी, पोरगी तेलगू, बोलतोय मराठी,” मागून कोण तरी म्हणालं. “एक काय ते धर की.” दोघंतिघं हसले, पण त्या हसण्यानं काही हलकं झालं नाही. एकानं माझ्या मोटारसायकलची किल्ली काढून खिशात टाकली. एका तरुणानं मोबाइल वर धरला. बाईनं हात पुढं केले, “द्या हिकडं तिला.”

मी तिला दिली नाही. दिली असती तर कदाचित बरं झालं असतं. घट्ट धरली म्हणून ती अजून रडली, आणि ती रडली म्हणून माणसं जवळ आली. मोबाइलमधले फोटो दाखवायला गेलो तर म्हणाले, फोटो कुणाबरूबर बी काढत्यात. बायकोला फोन लावला. ती वर्गावर होती, घंटी वाजून बंद झाली. माझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते सांगतो. तीळ आणि कारळं. मी खरंच मनात वाक्य जुळवत होतो, की रंग एका दाण्यानं ठरत नाही. आणि माझं मलाच दिसत होतं की हे वाक्य पुरं होईपर्यंत माझ्या कानाखाली बसलेली असेल.

अक्कानं फोन उचलला. मी एवढंच म्हणालो, “टपरीपाशी ये.”

ती पिठाच्या हातांनी आली. पळत नव्हती, पण पळण्यापेक्षा वेगानं. टपरीवाल्या बाईनं तिला ओळखलं. “वयनी, ह्यो माणूस—”

“माझा भाऊ हाय त्यो, सोलापुरात मास्तर हाय!” अक्का म्हणाली. “डोळं हायत का बटनं? माझं त्वांड बघ, त्याचं बघ.”

“तुमचं जुळतंय वयनी. त्येचं कोण न्हाय म्हणतंय? पोरीचं जुळंना.”

“पोरगी आईवानी हाय. तुझी धाकटी कुणावानी हाय सांग बरं? तिला कुणी इचारायला आलं व्हतं का?”

बाई हसली. “ती आमच्या सासूवानी हाय, काय सांगायचं.”

“मग ही नाना कशाला म्हणतीय?” म्हाताऱ्याला अजून ते पटलं नव्हतं.

“नान्ना, नान्ना! दोनदा न हाय त्यात. तिच्या आईच्या बोलीत बाप हाय त्यो.”

म्हातारा तो शब्द तोंडात घोळवत राहिला. “नान्ना,” तो म्हणाला. “आसं व्हय.” ज्यानं किल्ली घेतली होती त्यानं ती शर्टाला पुसून माझ्या हातावर ठेवली. “गुरुजी, आदी सांगायचं की वो. पोरगी एवढी गोरी, आमी काय समजावं?” मुलीला बिस्किटाचा पुडा मिळाला, मला बळंबळं चहा. आणि मी त्या सगळ्यांना म्हणालो, “विचारलंत ते बरं केलंत.”

ते मी भीतीनं म्हणालो की मनापासून, हे मला अजून ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही. मी खरंच कुणी चोर असतो तर याच माणसांनी माझी मुलगी वाचवली असती. ती सगळी माणसं माझ्याच मुलीची काळजी करत होती. फक्त माझ्यापासून.

निघताना अक्का म्हणाली, “पप्पा म्हणायला शिकव तिला. जगात जे चालतं ते पोरांना यावं.”

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं मुलीला कुशीत घेतलं. मग म्हणाली, “माझ्या भाषेतला बाप तिथं चालला नाही, असंच ना?” मला तसं म्हणायचं नव्हतं. पण पप्पा शिकवूया का, हे मी विचारणार होतो, ते विचारायचं राहिलं.

शिकवायची गरजही पडली नाही. त्यानंतर मी मुलीला एकट्यानं बाहेर न्यायचं टाळायला लागलो. आज पेपर तपासायचेत, आज टायर पंक्चर आहे. तिला संध्याकाळी मोटारसायकलवर पुढं बसून एक चक्कर लागायची. ती बंद झाली. शेवटी एकदा बालवाडीत सोडायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी निघालो. दारात चपला घालताना ती म्हणाली, “नान्ना, डबा.” डबा घेतला. जिना उतरून फाटकाबाहेर पडलो, शेजारच्या काकू समोरून येत होत्या, आणि मुलगी माझं बोट ओढून म्हणाली, “पप्पा, चला.”

मी थांबलो. “काय म्हणालीस?”

तिनं काकूंकडं पाहिलं. काकू गेल्यावर हळूच म्हणाली, “नान्ना म्हटलं की ते लोक रागावतात.”

तिला असं वाटत होतं की श्रीपूरला जे झालं ते तिच्यामुळं झालं. तिनं चुकीचा शब्द वापरला म्हणून. मी तिला रस्त्यातच उकिडवं बसून सांगितलं, तसं नाही, त्यांना शब्द माहीत नव्हता. तिनं मान हलवली. पण घरात नान्ना आणि फाटकाबाहेर पप्पा, हे तिनं सोडलं नाही. बाहेर ती मला अहोजाहोसुद्धा करायला लागली, दुसऱ्या मुलांच्या पप्पांशी बोलावं तशी. बायकोनं दोनतीन दिवस हे पाहिलं आणि मला म्हणाली, “तिला घाबरायला तुम्ही शिकवताय. तुम्ही बाहेर नेत नाही, म्हणून तिला वाटतं अजून राग संपलेला नाही. जा, घेऊन जा कुठंतरी. गर्दीत घेऊन जा.”

मुलीला चपला घ्यायच्याच होत्या. सात रस्ता चौकाच्या बाजूला एका दुकानात गेलो. संध्याकाळची वेळ, दुकान भरलेलं. दुकानदारानं तिचा पाय हातात धरून माप घेतलं, तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आईवर गेलीय, हे वाक्य मी म्हणणार होतो. म्हणालो नाही. जीभ दातांखाली धरून उभा राहिलो. त्यानंही काही विचारलं नाही. निळ्या चपलेचा जोड काढून तिच्यापुढं ठेवला.

“पप्पा, ह्या घ्या,” ती म्हणाली.

“नान्ना म्हण.”

तिनं दुकानातल्या माणसांवरून नजर फिरवली. “इथं?”

“इथंच.”

तिनं माझी कॉलर धरून मला खाली ओढलं, तोंड माझ्या कानाला लावलं आणि म्हणाली. गरम श्वास आणि ते दोन न.

“काय म्हणतीय ताई?” दुकानदारानं हसून विचारलं. “आवडल्या का न्हाई?”

“मला हाक मारतीय,” मी म्हणालो.

“मग मोठ्यानं मारू दे की. बापाला हाक मारायला कुणाची चोरी हाय?”

“मोठ्यानं म्हण,” मी तिला म्हणालो, आणि दुकानात कोण कोण उभं आहे हे बघायला माझी मान आपसूक मागं वळली.